पाठपोटकाका

लग्नपत्रिका हातात पडली की माणसं आधी मुलगा काय करतो ते बघतात, मग मुहूर्त, मग कार्यालयाला पार्किंग आहे का ते. पाठपोटकाका पत्रिका ट्यूबलाइटसमोर धरतात. पुढची चौकट मागच्या चौकटीवर नेमकी बसते का, एवढंच त्यांना बघायचं असतं. बसत नसेल तर त्यांना त्या संसाराची काळजी वाटायला लागते.

पुण्यात अप्पा बळवंत चौकाच्या आसपास कुठल्याही बोळात शिरा, डीटीपीचं एक अरुंद दुकान असतं आणि त्यात एक पाठपोटकाका असतो. आडनावं वेगवेगळी, माणूस तोच. चष्मा कपाळावर, शर्टाच्या खिशात सहा इंची स्टीलची पट्टी, आणि पाठीमागे लेझर प्रिंटर, ज्याला ते 'मशिन' म्हणतात. 'प्रिंटर' घरात असतो, असं त्यांचं मत आहे.

कागदाची जाडी ते बोटांनी सांगतात. अंगठा आणि तर्जनीमध्ये कार्ड धरून एकदा चोळलं की निकाल लागतो. "तीनशे म्हणून दिलाय तुम्हाला? दोनशेवीस आहे." गिऱ्हाईक कुरकुरलं की खणातून सोनाराकडं असतो तसला छोटा काटा बाहेर येतो. ए-फोरची 16 पानं मिळून एक चौरस मीटर होतो, त्यामुळं 80 जीएसएमचं एक पान 5 ग्रॅम भरतं आणि 300चं पावणेएकोणीस. काटा पावणेचौदा दाखवतो. काका काही बोलत नाहीत. त्यांचं न बोलणं फार लागतं.

यांच्याकडे सगळ्यात घाईत येतो तो वधूपिता. ऑफिसातल्या प्रिंटरवर फुकटात पत्रिका छापायचा त्याचा बेत फसलेला असतो. हातात पेन ड्राइव्ह, काखेत आर्ट कार्डाचं पाकीट, आणि तोंडी एकच तक्रार, "काका, वाकडं येतंय."

"वाकडं म्हणजे? तिरकं जातंय की सरकतंय?"

वधूपित्याला हा भेद माहीत नसतो. काकांसाठी तो बैल आणि म्हैस यांच्याइतका उघड आहे. तिरकं गेलं तर आधी ट्रेमधल्या बाजूच्या पट्ट्या बघायच्या. त्या कागदाला टेकलेल्या हव्यात, पण कागद चेपायला नको. तरी तिरकंच गेलं तर दोष कार्डाच्या ताठपणात. मशिनच्या आत कागद क्षणभर एका थांबलेल्या रोलरवर आदळतो, थोडा फुगतो, त्या फुगण्यात त्याची पुढची कड सरळ होते आणि मगच तो आत घेतला जातो. साधा कागद मुकाट्यानं फुगतो. तीनशेचं कार्ड फुगत नाही. ते आलं तसं तिरकंच आत शिरतं. सरकण्याचं कारण बहुधा वेगळं. उचलणारा रोलर झिजून गुळगुळीत झाला की जड कार्डावर घसरतो, कार्ड उशिरा पोचतं, चित्र मात्र ठरल्या वेळेला उतरतं आणि मजकूर वरच्या कडेला जाऊन चिकटतो.

हे सांगताना काकांचा आवाज असा लागतो की वधूपित्याला वाटतं, आपल्याच घरातल्या कुणाबद्दल चाललंय.

मग परीक्षा सुरू होते. काका कडेपासून बरोबर 10 मिलिमीटरवर रेघा असलेलं एक पान छापतात, एकच नाही, ओळीनं पाच-सहा. प्रत्येकावर पट्टी लावतात. सगळी पानं सारखीच 2 मिलिमीटर वर गेली असतील तर चेहरा खुलतो. त्या ट्रेच्या सेटिंगमध्ये तेवढाच आकडा उलट्या बाजूला भरला की झालं. पण एक दोनानं वर, एक एकानं खाली, असं निघालं तर ते सेटिंगला हातसुद्धा लावू देत नाहीत. "रोज दहा मिनिटं उशिरा येणाऱ्या माणसासाठी घड्याळ पुढं करता येतं हो. कधी लवकर, कधी उशिरा येतो त्याला काय करणार? त्याचा रोलर पुसा." ओलसर फडकं घेऊन ते खरोखरच रोलर पुसायला बसतात. पुसूनही घसरला तर बदलतात. तेवढ्या वेळात वधूपित्याचे तीन फोन येऊन जातात.

काकांच्या दुकानात कार्ड खालच्या ट्रेमध्ये कधीच जात नाही, कारण तिथून निघालेल्या कागदाला पोटातल्या पोटात कोलांटी मारावी लागते. कार्ड बायपास ट्रेमधून आत आणि मागचं दार उघडून सरळ बाहेर. सेटिंगमध्ये 'जाड कागद' निवडायचा, ड्रायव्हरमध्येही आणि मशिनच्या पॅनेलवरही. मग मशिन वेग कमी करतं आणि फ्यूजर नीट तापतो, नाहीतर टोनर नखानं निघतो. वेग कमी झाला की वधूपिता अस्वस्थ होतो. "अडकलं का हो?" काका वळूनही बघत नाहीत. "चालतंय. जड माणूस जिना कसा चढतो?"

खरी भक्ती मात्र पाठपोटात. एक बाजू छापून कार्ड बाहेर येतं ते गरम, ओलावा गमावलेलं आणि केसभर आक्रसलेलं. लगेच उलटून दुसरी बाजू छापली तर दोन्ही चौकटींची मापं जुळत नाहीत. म्हणून काका सगळ्या पहिल्या बाजू आधी छापतात आणि गठ्ठा निवायला ठेवतात. या काळात दुकानात पंखा लावायला बंदी. पावसाळ्यात तर कागदाचे थाट आणखी वाढतात. रिम फोडलं की उरलेला कागद लगेच प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून बंद कपाटात. काकांची स्वतःची छत्री, रेनकोट आणि डबा बाहेर, कारण कपाटात जागा नसते.

नव्या पिढीशी त्यांचं फारसं जमत नाही. मुलगी स्वतः डिझाइन करून आणते, पीडीएफ उघडून परस्पर 'फिट टू पेज' दाबते आणि सगळी पत्रिका तीन टक्के आक्रसून बसते. "शंभर टक्के," काका म्हणतात, "पत्रिका शंभर टक्केच छापायची. लग्नाचं तुमचं तुम्ही बघा." एकीनं शिवाजीनगरच्या हातकागद संस्थेतून फुलांच्या पाकळ्या घातलेला सुरेख कागद आणला होता. काकांनी तो बराच वेळ हातात धरला, उन्हात नेऊन पाहिला, वासही घेतला. मग दोन्ही हातांनी परत दिला. जाडी जागोजागी वेगळी, तंतू सुटतात, आणि पावणेदोनशे-दोनशे अंशांच्या फ्यूजरखाली पाकळीचं काय होणार! "हा स्क्रीन प्रिंटिंगवाल्याकडं न्या. तो हातानं छापतो, त्याला माया आहे. मशिनला नाही."

इतकं सगळं झाल्यावर पत्रिका कटिंगला जातात, आणि तिथं काकांचं काही चालत नाही. प्रत्येक गठ्ठ्याच्या कोपऱ्यावर पेन्सिलीनं फुली मारून ते कटिंगच्या पोराला बजावतात, फुलीजवळच्या दोन कडाच टेकवायच्या, कारण छापताना त्याच धरल्या होत्या. पोरगा "हो काका" म्हणतो, कानातली वायर न काढता. संध्याकाळी गठ्ठे येतात. वधूपिता एक पत्रिका उचलून हरखून जातो. काका पट्टी लावतात. डावीकडं 11, उजवीकडं 9.

"उलटी कड धरली मेल्यानं. सगळ्या परत छापतो. पैसे नकोत."

"अहो, छान झाल्यात की! कुणाला कळणार आहे?"

"मला कळलंय ना."

"काका, उद्या सकाळी पहिली पत्रिका कसबा गणपतीला ठेवायचीय. गुरुजी सातला येणार."

काकांनी पट्टी खिशात ठेवली आणि मशिन पुन्हा चालू केलं. "वक्रतुंड आहे म्हणून काय त्याला पत्रिकाही वाकडी द्यायची?"