वीज गेली, बरं झालं

वीज गेली म्हणून कोणी पेढे वाटल्याचं ऐकिवात नाही. मर्स्क या डॅनिश जहाज कंपनीने मात्र ते वाटायला हरकत नव्हती.

२७ जून २०१७. युक्रेनमध्ये कर भरण्यासाठी सर्रास वापरलं जाणारं एक हिशेबाचं सॉफ्टवेअर, त्याच्या अपडेटमधून ‘नॉटपेट्या’ नावाचा प्रोग्रॅम शिरला आणि बघता बघता मर्स्कचे संगणक जगभर बंद पडले. आपल्या न्हावाशेवा बंदरातलं त्यांच्या समूहाचं टर्मिनलसुद्धा ठप्प झालं. पडद्यावर ३०० डॉलरची मागणी होती, पण ती नुसती बतावणी. पैसे मोजले तरी फायली परत मिळायची सोय त्यात ठेवलेलीच नव्हती.

कंपनीच्या जाळ्यात कोण कोण आहे आणि कोणाला कुठे प्रवेश, याची नोंद ठेवणारे सुमारे १५० सर्व्हर होते. प्रत्येकाकडे तीच नोंद. एक बिघडला तर बाकीचे आहेतच, असा हिशेब. पण सगळे सतत एकमेकांशी जोडलेले, म्हणून सगळे एकदमच गेले. वाचला तो घानामधला एक, कारण हल्ल्याच्या आधीच तिथली वीज गेली होती! दुरुस्तीचं काम ब्रिटनमधून चाललं होतं. घानाहून तिकडे इंटरनेटने माहिती पाठवायची तर कित्येक दिवस लागणार, आणि घानातल्या कर्मचाऱ्यांकडे ब्रिटनचा व्हिसा नाही. शेवटी एक जण विमानाने नायजेरियाला गेला आणि गावाकडून एसटीच्या कंडक्टरजवळ डबा द्यावा, तशी हार्डडिस्क त्याने विमानतळावर दुसऱ्याच्या हातात दिली. ती लंडनला पोहोचली, तेव्हा कुठे एवढी थोरली कंपनी पुन्हा उभी राहू लागली.

दीडशे प्रती असून नसल्यासारख्या झाल्या आणि कामाला आली ती एकच, जिचा कोणाशी संबंध उरला नव्हता. माणसं जोडावीत हे खरंच. हार्डडिस्कशी मात्र वेळच्या वेळी संबंध तोडलेले बरे.

आमच्या पेठेतल्या एका होलसेल दुकानात टॅलीच्या संगणकाला बाहेरची हार्डडिस्क कायमची लावलेली असते. लक्ष्मीपूजनाला तिलाही हळदकुंकू वाहतात. त्यातलं थोडं कुंकू यूएसबीच्या खाचेत वर्षभर दिसतं. ‘‘शेठ, बॅकअप आहे ना?’’ असं विचारलं की मालक तिच्यावर मायेने हात ठेवतात. ‘‘हा काय! रात्रंदिवस चालू असतो.’’ दिवाही लुकलुकत असतो. खंडणी मागणाऱ्या रॅन्समवेअरला यापरतं काय हवं? ‘थकबाकी तातडीने’ अशा मेलमधली फाइल हिशेबनीस भाबडेपणाने उघडतो आणि जे जे जोडलेलं असेल ते ते कुलूपबंद होतं: उधारीची यादी, जीएसटीची बिलं आणि कुंकवासकट हार्डडिस्क. हल्लीचे खंडणीखोर तर आधी बॅकअपच शोधून पुसतात. समोरच्याकडे दुसरा पर्याय असला की तो घासाघीस करतो, हे त्यांनाही कळतं.

‘‘आमचं सगळं क्लाउडवर जातं,’’ म्हणणाऱ्यांनीही फार निर्धास्त राहू नये. नुसतं सिंक असेल, तर बिघडलेली फाइलही तितक्याच तत्परतेने वर जाऊन बसते. ठरावीक मुदतीपर्यंत खुद्द मालकालाही पुसता येणार नाहीत, अशा प्रती ठेवायची सोय मिळते, ती घ्यावी.

पीटर क्रोग या छायाचित्रकाराने रूढ केलेलं सूत्र सोपं आहे: प्रती तीन, साधनं दोन प्रकारची आणि एक प्रत दुसऱ्या जागी. जाणकार आता त्याला पुस्ती जोडतात, की एक प्रत जाळ्यापासून तोडलेली असावी आणि ती परत उतरवून पाहिलेली असावी. हे शेवटचं फार कमी जण करतात. गिटलॅब या सॉफ्टवेअर कंपनीत २०१७च्या जानेवारीअखेर एका इंजिनीअरच्या हातून चालू डेटाबेस पुसला गेला. बॅकअपच्या पाच तऱ्हा होत्या, ऐन वेळी एकही धड निघाली नाही. सुदैवाने सहा तासांपूर्वी हाताने घेतलेली एक प्रत पडून होती, तिने लाज राखली.

यासाठी जागतिक बॅकअप दिनही पाळतात, तो ३१ मार्चला. म्हणजे ऐन इयर एंडिंगला! ज्या दिवशी हिशेबनिसाला जेवायची फुरसत नसते, तो दिवस निवडणाऱ्याने जन्मात कधी ताळेबंद जुळवला नसावा. त्यापेक्षा आपला शनिवार बरा. दाराची लिंबू-मिरची बदलायला आमचे शेठ एकाही शनिवारी चुकत नाहीत. त्याच हाताने डिस्क लावावी, बॅकअप झाला की काढून घरी न्यावी. पुढच्या शनिवारी दुसरी. महिन्याकाठी एखादं जुनं बिल वेगळ्या संगणकावर उघडून पाहावं.

शेठना हे पटलं. थोडा विचार करून त्यांनी विचारलं, ‘‘मग लिंबू-मिरची बंद करायची का?’’

म्हटलं, ‘‘छे, छे! ती त्या कायम जोडलेल्या डिस्कला बांधा. तिचं काही खरं नाही.’’