रविवार, सात ते नऊ

नोकरी, लोकल आणि गृहकर्ज यांतून उरलेला माझा लेखनाचा वेळ म्हणजे रविवारी सकाळी सात ते नऊ. नऊनंतर दूधवाल्याचा हिशेब, वाणसामान आणि कुणाच्या तरी मुंजीचं जेवण असतं. वेळ कमी आहे, ही माझी तक्रार नाही. त्या दोन तासांत मी काय लिहायचं हे माझ्याखेरीज सगळे ठरवतात, एवढीच बारीकशी तक्रार आहे.

लिहिणारा माणूस शेजारी असणं म्हणजे ओळखीचा इलेक्ट्रिशियन असण्यासारखं आहे. फरक इतकाच की इलेक्ट्रिशियन येण्याजाण्याचे पैसे घेतो. टाकी गळायला लागली की सोसायटीच्या चिटणीसांना महापालिकेला पत्र लिहायला मी आठवतो. ‘तुम्हाला काय, पाच मिनिटांचं काम!’ मी पाच मिनिटांत देतोही लिहून. मग ‘सबब’ हा शब्द कुठे घालायचा यावर कार्यकारिणी माझा पुढचा रविवार घेते. टाकी गळतच असते. मानपत्रांचं तर विचारूच नका. सबंध नोकरीत कुणाशी धड न बोललेल्या गृहस्थांना ‘मितभाषी’ करून सोडणं हे सर्जनशील लेखनच आहे, पण त्याचं मानधन म्हणून पेढा मिळतो.

सगळ्यांत वाईट म्हणजे मंगलाष्टका. वृत्त शार्दूलविक्रीडित, म्हणजे ओळीत 19 अक्षरं आणि बाराव्यावर यती. त्यात दोघांची नावं, दोन्हीकडचे आजी-आजोबा, कुलदैवत आणि ‘जमलं तर’ मुलीची कंपनी बसवायची असते. मी लघु-गुरू मोजत दोन रविवार घालवतो. प्रत्यक्षात नवरीचा मामा त्या स्वतःच्या चालीत म्हणतो, आणि लोक हातात अक्षता धरून जेवणाच्या हॉलचा दरवाजा कुठल्या बाजूला आहे ते बघत असतात.

माझं स्वतःचं म्हणाल तर एक कादंबरी अर्धी पडून आहे. तिच्याबद्दल कुणाचा फोन येत नाही. फोन येतो दिवाळी अंकाच्या संपादकांचा. काशिनाथ रघुनाथ मित्र यांनी 1909 मध्ये ‘मनोरंजन’चा दिवाळी अंक काढला, तेव्हापासून मराठी लेखकाची प्रतिभा ऐन पावसाळ्यात आणि मागणीवरून फुलते. त्यामुळे माझ्या लक्षाचा क्रम ठरलेला आहे. आधी ज्याचा फोन येतो तो, मग जो घरी येऊन बसतो तो, आणि कादंबरी कुणाचीच नसल्यामुळे शेवटी.

‘एकाच गोष्टीवर लक्ष द्यायला शिका,’ असं आमचे मेहुणे सांगतात. हे सांगताना त्यांचा अंगठा मोबाइलवर फिरत असतो. ‘बहिणाबाईंनी जात्यावर गाणी रचली, तुम्हाला तर टेबल आहे!’ खरं आहे. पण बहिणाबाईंची गाणी लिहून घ्यायला चिरंजीव सोपानदेव होते. आमचा सोपान अकरावीत आहे आणि माझ्या खोलीत फक्त वायफायचा पासवर्ड विचारायला येतो.

एकाग्रतेची सोय पूर्वी सरकार करीत असे. टिळकांनी ‘गीतारहस्य’ 1910-11 च्या हिवाळ्यात मंडालेच्या तुरुंगात शिसपेनीने लिहून काढलं. साने गुरुजींनी ‘श्यामची आई’ नाशिकच्या तुरुंगात 1933 च्या फेब्रुवारीत पाच दिवसांत लिहिली. हाल सोसले दोघांनीही, ते नाकारत नाही. परंतु पार्किंगच्या रेषांचा वाद मिटवायला मंडालेत टिळकांना कुणी खाली बोलावल्याची नोंद नाही.

मला तेवढी शिक्षा नको, पात्रताही नाही. म्हणून यंदा रविवार कादंबरीला दिला आहे. जिच्यासाठी कुणी फोन करत नाही, तिलाच वेळ राखून ठेवावा लागतो. बाकीची कामं आपली आपण बेल वाजवतात. संपादकांना तसं कळवलं. ते म्हणाले, ‘छान, मग कथा शनिवारी द्या.’

तरी ज्यांच्या घरी यंदा कार्य आहे त्यांना नम्र विनंती. छापील मंगलाष्टकांची पुस्तिका पूजासाहित्याच्या दुकानात मिळते, स्वस्त असते आणि वृत्तात बसते. कृपया तीच न्यावी.