प्रतिभेची हक्काची रजा

वैशाखवणव्याने होरपळलेल्या आपल्या प्रतिभेस पुन्हा पालवी फुटावी, या उदात्त हेतूने रजेचा अर्ज मंजूर करवून घेऊन जो साहित्यिक सहकुटुंब महाबळेश्वरी मुक्काम ठोकतो, त्याच्या कोऱ्या वहीच्या पहिल्या पानावर मुक्कामाअखेर आढळतो तो केवळ घोडेवाल्याचा हिशेब, आणि वेण्णा तलावाकाठी खाल्लेल्या कणसाच्या तिखटमिठाचा डाग. दिवाळी अंकाच्या संपादकास मात्र तो ‘चिंतन चालू आहे’ असे निःसंकोचपणे कळवितो. उलटपक्षी, लोकमान्यांनी ‘गीतारहस्य’ लिहिले ते १९१०-११ च्या हिवाळ्यात मंडालेच्या तुरुंगात, आणि साने गुरुजींनी ‘श्यामची आई’ लिहिली ती १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात. या उभय ग्रंथकारांच्या निवासाचा, भोजनाचा व एकांताचा चोख बंदोबस्त सरकारने स्वखर्चाने केला होता, आणि मुदतीपूर्वी घरी परतण्याचा तगादा लावण्याची कुणाची प्राज्ञा नव्हती. यास्तव लेखकांनी तुरुंगाची वाट धरावी, असे आमचे म्हणणे नाही. विश्रांतीस गेलेल्या माणसाने विश्रांतीच घ्यावी, आणि सोबत नेलेल्या प्रतिभेलाही तितके दिवस बिनशर्त रजा द्यावी, एवढीच नम्र विनंती आहे.