स्वतःला उठवण्याचं व्याकरण

इटालियन भाषेत कोणी नुसतं उठत नाही. तिथे माणूस स्वतःला जागं करतो, स्वतःला उठवतो, स्वतःला धुतो, विंचरतो, कपडे चढवतो आणि रात्री स्वतःलाच झोपवतो. घरातलं दुसरं कोणी मदतीला येत नाही. यांना आत्मवाचक क्रियापदं म्हणतात.

यातला 'मि' खास मराठी माणसासाठी ठेवलेला असावा. 'स्वतःला धुतो' या अर्थाचं 'मि लावो' ऐकून आपण खूश होतो, की चला, 'मी' तरी ओळखीचा निघाला. तर तो 'मि' म्हणजे 'मला'. खरा 'मी' म्हणजे 'इयो', आणि तो बहुतेक वेळा वाक्यात फिरकतच नाही. कर्ता गैरहजर, कर्म मात्र वेळेवर.

बरं, नियम आहे तर सरसकट लावा. पण न्याहारीला 'मि' लागत नाही. 'फाच्चो कोलात्स्योने' म्हटलं की झालं. शॉवरला लावला तर चालतो, नाही लावला तरी चालतो.

खरा छळ भूतकाळात. तिथे ही क्रियापदं 'एस्सेरे' म्हणजे 'असणे' हाताशी धरतात आणि कर्त्याचं लिंग बघून वागतात: पुरुष 'लावातो', बाई 'लावाता'. आता हात धुवायचे. मराठीत 'मी हात धुतले'; क्रियापद हातांचं ऐकतं, विषय मिटला. इटालियन पुरुष म्हणतो, 'मि सोनो लावातो ले मानी'. क्रियापद त्याचं ऐकतं, हात (हे तिकडे स्त्रीलिंगी) गप्प. पण कोणी विचारलं, हात धुतलेस का, आणि हातांचं नाव न घेता 'हो, धुतले' म्हणायचं, तर 'मे ले सोनो लावाते'. नाव घेत होतो तोवर हातांना कोणी विचारत नव्हतं. नाव गाळल्याबरोबर क्रियापद त्यांच्या पक्षात गेलं. गडबडीत 'मि'चा 'मे' झाला तो वेगळाच. एवढं जुळेपर्यंत पानावरचा भात निवतो.

'मला उठावं लागलं' याचीही तीच तऱ्हा. 'मि' पुढे ठेवला तर 'मि सोनो दोवूतो आल्त्सारे', मागे चिकटवला तर 'ओ दोवूतो आल्त्सार्मी'. उठावं लागतंच.

गृहपाठ ठरलेला: आपला दिनक्रम लिहा. येणारी क्रियापदं एवढीच, म्हणून सगळा वर्ग रोज दाढी करतो, केस विंचरतो आणि वेळेवर झोपतो. मधल्या वेळात नोकरीधंदा कोणी करत नाही. फार तर कंटाळतो किंवा रागावतो, कारण त्यांनाही 'मि' लागतो. तक्रार करण्यालाही लागतो. म्हणून ही मराठीतून केली.