‘कठीण आहे’वाले काका

इंजिनिअरिंगच्या सीईटीचा निकाल लागला की निगडी प्राधिकरणातल्या एका गृहस्थांचा भाव एकदम वधारतो. असे गृहस्थ जवळपास प्रत्येक सेक्टरमध्ये सापडतात. टेल्कोत नाहीतर बजाजमध्ये इन्स्पेक्शनला हयात घालवलेली (कंपनीचं नाव टाटा मोटर्स झालं, हे त्यांना मान्य नाही), व्हर्नियर कपाटात गेलेला आणि त्याच्या जागी मागच्या तीन वर्षांच्या कटऑफची स्पायरल बाइंडिंग केलेली चळत आलेली. आयुष्यभर पार्ट नंबर पाठ केलेल्या माणसाला कॉलेजचे कोड ते काय जड! पुण्याच्या सीओईपी या इंजिनिअरिंग कॉलेजला ते ‘सहा हजार सहा’ म्हणतात. ‘जीओपनएस’, ‘एलओपनएच’ ही जागांच्या प्रवर्गांची अक्षरं ते देवाच्या नावासारखी उच्चारतात. समोर आई फोन धरून बसलेली असते, मुलगा चपलांकडे बघत असतो. ‘किती?’ ‘नव्याण्णव पॉइंट दोन.’ ‘पुढचं सांगा, सात आकडे असतात.’ पुढचे आकडे मिळतात, चष्मा नाकावर घसरतो, बोट रकान्यावरून खाली येतं आणि निकाल लागतो : ‘कठीण आहे.’

आता गंमत बघा. सत्त्याण्णववाल्याला कठीण, नव्याण्णववाल्यालाही कठीण, आणि नव्याण्णव पॉइंट नऊवाला आला तर ‘यंदा काही सांगता येत नाही.’ अंदाज सांगणारा माणूस एकाच बाजूला चुकत असेल, तर दोष त्याच्या गणितात नसतो, त्याच्या हिशेबात असतो. काकांचा हिशेब भोसरी–चाकण पट्ट्यात तयार झाला आहे. भोसरीच्या वर्कशॉपमधून गेलेला खराब पीस चाकणच्या असेंब्ली लाइनवर सापडला की फोन येतो, डेबिट नोट येते आणि ‘पास कोणी केला?’ हा प्रश्न येतो. चांगला पीस मात्र चुकून रिजेक्ट झाला तर तो मुकाट्याने स्क्रॅपच्या पेटीत पडतो. त्याची तक्रार कोणी करत नाही. प्रवेशाचंही तसंच. ‘मिळेल’ म्हटलं आणि नाही मिळालं, तर काकांचं नाव सोसायटीभर होतं. ‘कठीण आहे’ म्हटलं आणि मिळालं, तर घरी पेढे येतात आणि वर ‘काकांनी सावध केलं होतं, म्हणून पोरगं शेवटपर्यंत गाफील राहिलं नाही’ असं श्रेयही मिळतं. (परीक्षा तोवर होऊन गेलेली असते, हे पेढ्यांच्या गडबडीत कोणाच्या ध्यानात येत नाही.) म्हणजे काका जे मोजतात ते पोराचे चान्स नव्हेत, स्वतःची अब्रू शाबूत राहण्याचे चान्स.

काकांचे चाहते म्हणतील, आकडे काय खोटे असतात? नसतात. दशांशाचा त्यांचा हट्टही अगदी रास्त आहे. पीसीएम गटाला तीन लाख मुलं धरली, तर एका पर्सेंटाइलमध्ये तीन हजार मुलं बसतात. त्यापुढे एका कॉलेजच्या एका शाखेच्या जागा मूठभर. नव्याण्णव पॉइंट दोन आणि पॉइंट आठ यांच्यामध्ये अठराशे मुलं उभी असतात, हे आईबापांना पहिल्यांदा काकांकडूनच कळतं. पण कटऑफ ही कॉलेजने आखलेली रेघ नव्हे. मागच्या वर्षी त्या जागेवर जो शेवटचा मुलगा बसला, त्याचा तो पर्सेंटाइल. यंदा जागा किती वाढल्या, पोरांचा ओढा कुठे गेला, यावर तो सरकतो. लेथ आणि प्रेसच्या जिवावर उभ्या राहिलेल्या या गावात ‘मेकॅनिकल बसेल तुझं’ हे वाक्य आज सांत्वन म्हणून सांगितलं जातं. हे कोणत्या रकान्यात लिहिलं होतं?

दुसरा आक्षेप वजनदार आहे : जरा कमी सांगितलेलं बरं, पोरं जमिनीवर राहतात, खालची कॉलेजंही बघून ठेवतात. खरं आहे, आणि यादीच्या शेपटाला काकांनी दोन नावं जोडली तर त्यांचे आभारच मानावेत. ‘पीसीसीओई आहे की जवळ’ हा सल्ला वाईट नाही. पण काका शेपूट वाढवत नाहीत, डोकं छाटतात. ‘सीओईपी कशाला टाकतोस, ऑप्शन वाया जाईल.’ कॅपच्या, म्हणजे केंद्रीय प्रवेशाच्या फॉर्मवर तीनशेपर्यंत पर्याय भरता येतात; वाया जायला ती काय रेशनची साखर आहे? गुणवत्ता यादीत पोराचा नंबर आला की संगणक त्याचा पहिला पर्याय बघतो, नसेल तर दुसरा, नसेल तर तिसरा. पहिल्या नंबरावर सीओईपी कॉम्प्युटर लिहून ती हुकली, म्हणून दुसऱ्या नंबराच्या कॉलेजातला हक्क तसूभरही कमी होत नाही. धोका उलटाच आहे. पहिल्या फेरीत पहिला पर्याय मिळाला की तो आपोआप पक्का होतो. तेव्हा ‘हे नक्की मिळेल’ म्हणून काकांच्या सांगण्यावरून वर चढवलेलं नावडतं कॉलेजच गळ्यात पडतं. आणि सीओईपीसारखं १८५४ सालापासून उभं असलेलं, २०२२ साली विद्यापीठ झालेलं कॉलेज एका पोराच्या यादीतून परीक्षेने नव्हे, शेजाऱ्याने काढलेलं असतं.

आणि काकांना हे ठाऊक नाही, असं मुळीच समजू नका. नातीचा फॉर्म भरायची वेळ आली की स्पायरलची चळत उघडतसुद्धा नाही. पर्सेंटाइल सोसायटीतल्या कितीतरी पोरांपेक्षा कमी, तरी पहिला पर्याय सहा हजार सहा, कॉम्प्युटर, दुसरा मुंबईचं व्हीजेटीआय, आणि सून काही बोलायच्या आत, ‘लिहायला काय पैसे पडतात का?’