दीड फूट

घराच्या कडेला एक खोली काढायची, एवढाच बेत होता. दहा बाय बाराची. गुत्तेदार म्हणाला, "खोलीचं काय, महिन्यात उभी करतो. पण भिंत कुठून उचलू ते सांगा." मी बोट दाखवलं. त्यानं आधी माझ्या बोटाकडे पाहिलं, मग अंगणातल्या कडुनिंबाकडे, मग पलीकडे ओट्यावर पेपर वाचणाऱ्या तात्यांकडे. आणि हळू आवाजात म्हणाला, "सर, मोजणी करून घ्या."

आमचा प्लॉट जालन्याच्या बाहेरच्या अंगाला. तीस बाय चाळीस. आम्ही घेतला तेव्हा शेजारी अजून कपाशी उभी होती आणि प्लॉटच्या चारी कोपऱ्यांवर चुना फासलेले दगड होते. पुढे त्यातला एक पोरांनी स्टंप म्हणून नेला. एक कुणाच्या तरी न्हाणीत कपडे धुण्यासाठी रुजू झाला. उरलेल्या दोघांना रस्ता करताना मुरमाखाली समाधी मिळाली. तेव्हापासून आमची हद्द म्हणजे आमच्या आणि तात्यांच्या मनाचा मोठेपणा.

मोजणीची फी विचारायला गेलो तर कळलं, 1 डिसेंबर 2024 पासून दर बदललेत. पूर्वी मोजणी साधी, तातडीची, अति तातडीची आणि अति अति तातडीची अशी चार प्रकारची असे. त्या दुसऱ्या 'अति'चं मला फार कौतुक वाटायचं. सरकारी कागदावर एवढा जीव तोडून बोलणारा शब्द मी दुसरा पाहिला नाही. आता फक्त नियमित आणि द्रुतगती. पालिका-महापालिकेच्या हद्दीत एक हेक्टरपर्यंत नियमितचे 3,000 आणि द्रुतगतीचे 12,000. खेड्यात दोन हेक्टरपर्यंत 2,000 आणि 8,000.

घरी येऊन हिला सांगितलं. हिनं पाठकोऱ्या कागदावर हिशोब मांडला. एका हेक्टरात आपल्याएवढे नव्वदेक प्लॉट बसतात. म्हणजे नव्वद प्लॉटवाल्याला 3,000 आणि आपल्यालाही 3,000? "मग उरलेले एकोणनव्वद घेऊन टाका," ती म्हणाली, "फी तरी वसूल होईल."

फी हा नुसता उंबरठा. नोटिशीतच लिहिलेलं असतं की मजूर आणि हद्दीच्या खुणांचं सामान अर्जदारानं हजर ठेवावं. दोन मजुरांची मजुरी, चुना, दगड, आणि लगतच्या लोकांचा चहा. चहाचं नोटिशीत नसतं, पण चहाशिवाय लगतचे लोक लगत येत नाहीत. त्याआधी एका इंजिनिअरकडून खोलीचा नकाशा काढून घेतला होता. नकाशात आमचं घर इतकं देखणं दिसत होतं की आपणच तिथे राहायला जावं असं वाटलं. माझी लुना जिथे तिरकी करून कशीबशी घुसते, तिथे त्यानं चारचाकी उभी केली होती. कडुनिंब मात्र कुठेच नव्हता.

माझ्या आजोबांनी बदनापूरकडच्या शेताला मोजणी कधी शिवू दिली नाही. शेजारी नांगरताना एक तास बांध कोरायचा, पुढच्या साली आजोबा एक तास कोरायचे. वर्षाआड फेड. त्यांच्या पेटीत खासरा पत्रकाची जीर्ण नक्कल होती, आणि मोजणीला ते पैमाईश म्हणत. निजामाचं राज्य 1948 साली गेलं, पण जमिनीच्या भांडणात त्याचे शब्द अजून नांदतात. नकाशा, हद्द, कब्जा, सगळे त्याच घरचे. त्या वेळची साखळी 33 फुटांची, तिचे 16 भाग, आणि एकेका भागाला म्हणायचे आणा. साखळीचा चौरस म्हणजे गुंठा, 40 गुंठ्यांचा एकर. रुपया आणि जमीन एकाच मापानं मोजणाऱ्यांचा व्यवहार चोख असणार, यात नवल ते काय.

त्याच शेताची आता पुन्हा आठवण निघाली. 2025 मध्ये कौटुंबिक वाटणीच्या पोटहिस्सा मोजणीची फी 200 रुपयांवर आली, त्या आठवड्यात चुलतभावाचा फोन. "दादा, वाटणी करून टाकू का? सध्या स्वस्त आहे."

असो. मोजणीची तारीख आली. भूकरमापक तरुण होता. त्याच्याजवळ साखळी नव्हती, एक काठी होती, तिच्या टोकावर अळंबीच्या छत्रीसारखं यंत्र. त्याला रोव्हर म्हणतात. ते थेट उपग्रहांशी बोलतं आणि आपण कुठे उभे आहोत ते बोटा-दोन बोटांच्या फरकानं सांगतं. मला लॅम्बटन साहेब आठवला. 1802 साली मद्रासजवळ मोजणी सुरू केली, आणि देश मोजता मोजता 1823 मध्ये आपल्या हिंगणघाटला वारला. त्यानं काम नियमितमध्ये घेतलं असावं.

दोन तासांनी तरुणानं निकाल सांगितला. आमची अख्खी ओळ दीड फूट पूर्वेला सरकलेली आहे. कोपऱ्यावरच्या पहिल्या घरवाल्यानं ओढ्याच्या भीतीनं पाया दीड फूट इकडे घेतला होता. दुसऱ्यानं त्याच्या भिंतीला टेप लावला, तिसऱ्यानं दुसऱ्याच्या. सगळ्यांनी अगदी बरोबर मोजलं होतं. त्यामुळे आमच्या पश्चिमेचा शेजारी दीड फूट आमच्यात राहतो, आम्ही दीड फूट तात्यांमध्ये, तात्या त्यांच्या पलीकडच्यात. शेवटच्या घराची न्हाणी बोळात. ज्याला त्याला आपापल्या जागेवर जायचं तर बारा कुटुंबांनी एकाच दिवशी घरं उचलून दीड फूट सरकायला हवं.

आणि कडुनिंब तात्यांचा निघाला.

पंचवीस वर्षं मी त्याला पाणी घातलं. पंचवीस वर्षं दर फाल्गुनात तात्या भिंतीवरून ओरडले, "सर, तुमच्या झाडाचा पाला आमच्या अंगणात!" आता ते चुन्याच्या रेघेकडे बघत उभे होते. कुणीच काही बोलेना. शेवटी गुत्तेदारानं घसा खाकरला. "मग भिंत कुठून उचलू?"

खोली वर काढायचं ठरलं. जिन्याचा खर्च हिनं वहीत वेगळ्या पानावर लिहिला आहे.

पाडव्याच्या सकाळी तात्या फाटकाशी आले. दरवर्षीसारखंच विचारलं, "सर, गुढीला कडुनिंबाच्या दोन डहाळ्या घेऊ का?"

हिनं आतूनच उत्तर दिलं, "घ्या की, तुमचंच झाड आहे."

तात्या क्षणभर थांबले. मग हात वर करून डहाळ्या तोडल्या. मोजून दोनच.