१५ सेंटिमीटरांचा शिष्टाचार

तोक्यो नगरीच्या पूर्वेस निशी-कासाई नावाचा जो मोहल्ला आहे, तेथे संगणकाच्या चाकरीनिमित्त आलेल्या हिंदी मंडळींची वस्ती इतकी दाट आहे की, तूरडाळ आणि हिंग यांसाठी तेथे कोणास फारशी यातायात करावी लागत नाही. आणि आमच्या पुतण्याचे बिऱ्हाडही तेथेच असल्यामुळे, शहरात जाण्यायेण्यास तोझाई नामक भुयारी आगगाडीवाचून आम्हां उभयतांस गत्यंतर नव्हते. हिच्या गर्दीची कीर्ती मोठी. २०१९ साली किबा ते मोन्झेन-नाकाचो या दोन स्थानकांच्या दरम्यान सकाळची गर्दी १९९ टक्के असल्याची सरकारदप्तरी नोंद आहे.

गर्दीसारखी बेशिस्त गोष्टसुद्धा त्या दप्तरात मोठ्या शिस्तीने दाखल झालेली असते. १०० टक्के म्हणजे प्रत्येकास आसन, कडी अथवा दांडा यांपैकी काहीतरी लाभणे. १५० टक्क्यांस वृत्तपत्र उघडून सुखाने वाचता येते. १८० टक्क्यांस त्याच्या घड्या कराव्या लागतात. २०० टक्क्यांस अंगाशी अंग दाबले जात असताही साप्ताहिक कसेबसे वाचून होते. आणि २५० टक्क्यांस हात हलविणेही दुरापास्त होते. ज्यांच्या मुलखात गर्दीचा अदमास दादरला उतरता आले की नाही एवढ्यावरूनच घेतला जातो, त्या आम्हांस, वाचनाच्या सोयीवरून गर्दी मोजणाऱ्या या राष्ट्राविषयी नितांत आदर वाटला.

डब्याच्या टोकाशी वृद्ध, अपंग, गर्भवती व लेकुरवाळ्या स्त्रिया यांच्याकरिता काही आसने राखलेली असतात. या प्रथेचा आरंभ १५ सप्टेंबर १९७३ रोजी, म्हणजे ज्येष्ठांच्या सन्मानाच्या सणादिवशी, चुओ मार्गावर झाला. आणि त्या आसनांस ‘सिल्व्हर सीट’ हे नाव पडले ते म्हाताऱ्यांच्या रुपेरी केसांवरून नव्हे, तर शिन्कान्सेन गाडीच्या आसनांचे रुपेरी कापड शिल्लक होते, ते येथे लावून टाकले म्हणून! वडीलधाऱ्यांविषयीचा आदर आणि कोठीतील उरलेल्या मालाची विल्हेवाट यांचा असा सुरेख समन्वय आमच्या पेठांतील गृहिणींनाही क्वचितच साधला असेल.

पुढे खिशाखिशांत दूरध्वनी आले आणि या आसनांभोवती एक नवे फर्मान जारी झाले. हृदयातील पेसमेकर यंत्रापासून मोबाइल २२ सेंटिमीटर दूर असावा, अशी सूचना १९९७ साली निघाली होती. तिच्या आधारे, राखीव आसनांच्या आसपास मोबाइल साफ बंद करावा आणि इतरत्र तो मुका करून संभाषण टाळावे, असा दंडक रेल्वे कंपन्यांनी घातला. कालांतराने जुने जोरकस फोन मोडीत निघाले, २०१३ साली ते अंतर १५ सेंटिमीटरांवर आले, आणि १ ऑक्टोबर २०१५ पासून तोक्योच्या बाजूच्या कंपन्यांनी मूळ कलमात ‘गर्दीच्या वेळी’ एवढ्या शब्दांची भर घातली. आता गर्दी पराकोटीस पोहोचली की हात हलत नाही हे ज्या सरकारी कोष्टकात नमूद आहे, तेच कोष्टक मसुदा लिहिणाऱ्या कारकुनाने नजरेखालून घातले असते, तर खिशातला फोन नेमका त्याच घटकेस कोणत्या अवयवाने बंद करावा, याचाही खुलासा त्याने केला असता.

प्रत्यक्षात तो कोणीच बंद करीत नाही. त्या आसनांवर व आसनांपुढे ज्याची त्याची बोटे अखंड चालू असतात. परंतु तोंड मात्र एकाचेही उघडत नाही. बोलल्याबद्दल दंड नाही, अडविण्यास शिपाई नाही. तरीही फोन आलाच, तर मनुष्य तोंडावर हात धरून आपण गाडीत असल्याचे कुजबुजतो आणि लगबगीने तो बंद करतो. हृदयाच्या यंत्राचे निमित्त क्षीण झाले, तरी मौन टिकले, याचे कारण आमच्या मते असे की, फोनवरील संभाषण शेजाऱ्यास अर्धेच ऐकू येते, आणि उरलेल्या अर्ध्याची कल्पना करण्याचे श्रम त्याच्या माथी विनावेतन येतात.

या सिद्धांताची प्रचीती आम्हांस लौकरच आली. पुण्याचे घड्याळ तोक्योच्या साडेतीन तास मागे. त्यामुळे आमच्या सौभाग्यवतींच्या धाकट्या भगिनी दुपारचा चहा आटोपून फोन करीत, त्या वेळी आम्ही परतीच्या गाडीत उभे असू. एके सायंकाळी फोन थरथरू लागताच आम्ही उभयता कायाबाचो स्थानकावर उतरलो, फलाटावर भाचीच्या विवाहाची समग्र वार्ता घेतली, आणि मागून आलेल्या गाडीत चढून राखीव आसनांपाशी उभे राहिलो. फोनवर बोलण्यास मनाई होती. पतीशी बोलण्यास कोणत्याही कलमान्वये प्रत्यवाय नव्हता.

“अहो, ऐकलंत का?” अशी प्रस्तावना करून सौभाग्यवतींनी, मुलाकडच्या आत्याबाईंनी मानपानाच्या पैठणीचा काठ कसा निरखला, जर खरी की खोटी याची पृच्छा कशी केली, आणि विहीणबाईंचा चेहरा कसा उतरला, हे सर्व दोन्ही पक्षांच्या आवाजांनिशी निवेदन करण्यास प्रारंभ केला. “जरा हळू,” असे आम्ही सुचविले. “इथे कुणाला कळतंय मराठी!” असे त्यांनी आमचे समाधान केले. तोयोचो स्थानक आले तेव्हा आत्याबाई पाटावरून उठल्या होत्या आणि सौभाग्यवती श्वास घेण्यासाठी थांबल्या होत्या.

तोच राखीव आसनावर बसलेला, मोबाइलमध्ये मान घातलेला एक तरुण अदबीने उठून उभा राहिला.

“काकू, आधी बसा इथे,” तो म्हणाला, “आणि सांगा, त्या आत्याबाईंनी पैठणी घेतली, की परत केली?”